आठ दिवसांचा फरक

देविकाच्या खोलीतली रात्र गेली ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेली. गाड्यांतलं पेट्रोल चोरीला जातं म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर मोठा पांढरा दिवा लावायचा असं ठरलं, देविकानंही सगळ्यांबरोबर हात वर केला, आणि तो दिवा नेमका तिच्याच खिडकीसमोर आला. आता पडदा लावा, जाड पडदा लावा, पडद्यावर चादर टाका, कुठूनतरी फट शोधून तो आत यायचाच. खोलीत दिवस नाही आणि रात्रही नाही असा एक पांढुरका वेळ साचून राहायचा. अंग पलंगावर टाकलेलं असायचं, पण झोप कुठल्या दारानं यावी हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. महिन्याभरात डोळ्यांखाली काळं आलं, चहा दुप्पट झाला, वर्गात मुलांवर उगाच खेकसणं सुरू झालं. शेवटी ती सेक्रेटरींकडे गेली तर ते हसले. "मॅडम, लातुरात लोक उजेडासाठी भांडतात, आणि तुम्ही अंधार मागताय!" आता या माणसाला काय सांगायचं? अंधारही लागतो हो माणसाला, असं काहीतरी पुटपुटत ती जिना चढून वर आली, आणि दारात चपला काढता काढता थबकली. एक पाय चपलेत, एक बाहेर. आपण आत्ता काय म्हटलं? अंधार लागतो. माणसालाच लागतो का? डोळ्यांसमोर निलंग्याकडचं ते रान आलं, त्यातला चौथा तुकडा आला. अगं बाई गं, म्हणत ती पायरीवरच बसली.

त्या चौथ्या तुकड्यानं तिला नुसतं छळलं होतं. देविका लातूरच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवायची आणि चाळिशीला टेकल्यावर पीएचडी करत होती. विषय अगदी साधा: सोयाबीन कधी पेरलं तर किती येतं. एकच रान, एकच बियाणं, एकच खत, फक्त पेरणीचा दिवस वेगळा. पहिला तुकडा मृगाच्या शेवटी पेरलेला, दुसरा त्यानंतर आठ दिवसांनी आर्द्रात, तिसरा पुनर्वसूत आणि चौथा थेट पुष्यात, म्हणजे शहाणी माणसं पेरणी विसरून कोळपणीला लागलेली असतात तेव्हा. नांदेडच्या मावशीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तो चौथा तुकडा तुझ्यासारखा म्हण की, वेळ टळून गेलेला." मावशीला असं बोलायची सवयच होती. लग्न न केलेली भाची म्हणजे तिच्या लेखी पडीक रानच. देविका हसली, आणि नंतर बसमध्ये तिला वाटलं, मावशीला सोयाबीन ठाऊकच नाही. उशिरा पेरलेलं सोयाबीन रडत बसत नाही. ते रात्र मोजतं. रात्री लांबायला लागल्या की त्याला कळतं, आता दिवस थोडे उरले. मग ते उंच होणं सोडून देतं आणि असेल त्या उंचीवर फुलतं, लहान वयात संसार अंगावर पडलेल्या पोरीसारखं. झाड बुटकं, शेंगा कमी, पण घाई केवढी! हे ती वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आली होती, आणि तरी दर वेळी तिला त्याचं नवल वाटायचं. डोळे नाहीत, घड्याळ नाही, आणि तरीही अंधार किती झाला ते पानाला कळतं म्हणजे काय!

चौथा तुकडाही पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच वागला होता. वीतभर-दीडवीतभर वाढला आणि फुलाला आला. फक्त एका टोकाला, जिथं शेताचे मालक गुंडप्पा यांची समाधी होती तिथं, झाडांनी सगळे नियम गुंडाळून ठेवले होते. तिथलं सोयाबीन मांडीला लागेल एवढं उंच, हिरवंगार, पान तळहाताएवढं, आणि फूल मात्र औषधाला नाही. बियाण्यात भेसळ झाली का? नाही, एकाच पिशवीतलं होतं. तिथं युरिया सांडला का? समाधीवर रोज पाणी घालतात, त्याची ओल लागते का? तिनं मुळं उपटून पाहिली, माती तपासून आणली. मार्गदर्शक विरूपाक्ष सर वैतागले. "अहो, काठाच्या ओळी अशाच असतात. तेवढा भाग मोजमापातून वगळा आणि पुढं चला." पण पुढं चला म्हटलं की चालणाऱ्यातली देविका नव्हती. लहानपणी नांदेडच्या घरात तिनं भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं, तासाला वाजणारा टोला एरवी कुठं बसलेला असतो ते बघायला. ते घड्याळ पुन्हा कधी वाजलं नाही, तो भाग वेगळा.

आणि मुळात ते रान मिळालं कसं, तेही नवलच होतं. वाफसा येऊन जमीन पेरणीला तयार असताना रानाचे तुकडे मोकळे ठेवायचे, आजूबाजूला सगळ्यांच्या तिफणी चालू आणि आपण हात बांधून बसायचं, हे कुठल्या शेतकऱ्याला जमेल? चार गावांत तिनं विचारलं, चारही गावांनी हसून चहा पाजला. "पेरणीच्या दिवसांत काळी जमीन उघडी ठेवायची? लोक तोंडात शेण घालतील की," असं माणिकप्पा नावाचा एक शेतकरी म्हणाला. त्याच वेळी मागं बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. कपाळावर भस्माची आडवी बोटं, गळ्यात लिंग, अंगानं काटक. "माझं घ्या," ती म्हणाली. ती बसम्मा, गुंडप्पाची बायको. माणिकप्पाच्या शेजारचं रान तिचं. तिची अट एकच होती. "आठ दिवसानं पेरल्यानं किती फरक पडतंय, ते पयलं मला सांगायचं. सायबाला मागून." देविकाला वाटलं, काय चौकस बाई आहे! आपल्याच जातीची. तिला मनापासून आनंद झाला, आणि ती कौतुकानं बसम्माला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागली.

त्या चौकसपणाचं मूळ जुलैत कळलं. बसम्माचा मुलगा महांतेश, निलंग्यात त्याचं मोबाइलचं दुकान, तो तिला मोटारसायकलवर स्टँडपर्यंत सोडायला आला होता. गाडी लागलेली नव्हती, आणि उसाच्या रसाचा पेला हातात धरून, रस्त्याकडे बघत तो सांगत गेला. गेल्या साली याच मृगात अप्पाच्या हाताला सकाळपासून कळ होती. अव्वा म्हणाली, लातूरला दवाखान्यात जाऊ. अप्पा म्हणाला, आज घात आली हाय, रान पेरायजोगं झालंय, उद्या पाऊस लागला तर आठ दिवस तिफण रानात जायची न्हाई. एवढं पेरून जाऊ. "अव्वा दोनदा म्हणली. तिसऱ्यांदा न्हाई म्हणली. बैलामागं गेली आन् चाड्यावर मूठ धरली." चाड्यात बी सोडणारं माणूस नसेल तर पेरणी होत नाही. त्या दिवशी रानात दोघंच होते. तिफणीचं शेवटचं तास संपलं, गुंडप्पा बांधावर टेकला, तो टेकलाच. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला त्याच रानात बसवून माती दिली. "सगळं गाव म्हणतंय, पेरून गेला गडी, भाग्याचा. अव्वा ऐकून घेती. बोलत काईच न्हाई," महांतेश म्हणाला आणि रसाचे पैसे द्यायला उठला. देविकाच्या हातातल्या पेल्यातला बर्फ तसाच होता. म्हणजे हिला सोयाबीनचं उत्पन्न जाणून घ्यायचं नव्हतं. आठ दिवस थांबलो असतो तर किती गेलं असतं, एवढंच हिला हवं होतं. एका बाजूला नवरा होता, आणि दुसऱ्या बाजूला नेमकं काय होतं ते तिला हातात घेऊन बघायचं होतं.

त्या दिवशी बस औशाच्या पुढं आली तरी देविकाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती गुंडप्पाची नव्हती. परभणीचं होस्टेल. शेवटच्या वर्षाची परीक्षा. नांदेडला आई दवाखान्यात, आणि हे तिला ठाऊकच नाही, कारण बाबांनी, म्हणजे माधवरावांनी, सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: तिचा शेवटचा पेपर होऊ दे, मग सांगू. पेपर झाला, चांगला गेला, मैत्रिणींबरोबर ती भेळ खाऊन आली, आणि होस्टेलच्या दारात काका उभे. ती नांदेडला पोचली तेव्हा आईला नेऊन अंगण धुऊन झालं होतं. ओल्या फरशीवर पाय ठेवला तो गारवा तिला आजही तळव्याला आठवतो. पुढं किती तरी दिवसांनी तिनं बाबांना विचारलं होतं, पेपर बुडाला असता तर काय झालं असतं? माधवराव गणिताचे मास्तर. त्यांनी सवयीनं उत्तर दिलं, "सहा महिने गेले असते." सहा महिने. एवढाच भाव होता. तिला ते उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळाल्यानं बरं वाटलं की वाईट, हे इतक्या वर्षांत ठरलेलं नव्हतं.

तर आता, पायरीवर बसल्या बसल्या तिला एवढंच कळलं की आपण त्या रानात कधी संध्याकाळी थांबलोच नाही. दर वेळी सकाळी जायचं आणि पाचची गाडी धरायची. दुसऱ्या दिवशी ती दुपारची निघाली. बसम्मानं विचारलं, "आज गाडी चुकवलीस का काय?" देविका म्हणाली, आज जायचंच नाही, मुक्कामाला आले. बसम्माला एवढा आनंद झाला की ती तशीच भाकरीच्या पिठाला लागली. ऊन उतरलं, बैल घराकडे गेले, आणि दिवस मावळला तसा समाधीशेजारच्या लोखंडी खांबावर सोलारचा मोठा दिवा आपोआप लागला. लख्ख. देविकाच्या खिडकीतल्यासारखाच पांढरा. "महांतेशनं बसवलाय," बसम्मा म्हणाली. "मालक अंधाराला लई भ्यायचे. एवढा मिशीवाला गडी, पण खोलीत बल्ब लागायचा. मी म्हनायची, आवो, लोकं हसतील. आता रानात एकटेच हायेत, म्हणून म्हणलं लाव बाबा दिवा." देविका पिकात शिरली. समाधीचा चौथरा कमरेएवढा होता, दिव्याच्या उजेडात त्याची सावली पिकावर लांब पडलेली. ती सावलीत वाकली. सावलीतली झाडं बुटकी होती, आणि फुलांनी भरलेली. बारीक जांभळी फुलं, पानांच्या बगलेत. एक हात पलीकडे, जिथं उजेड पडत होता तिथं, उंच हिरवी झाडं आणि फुलाचं नाव नाही. विळ्यानं कापावी तशी रेघ. तिनं सावलीत हात घातला, उजेडात घातला, पुन्हा सावलीत घातला. त्यांना रात्रच झालेली नव्हती! पुष्यात पेरलेली ती झाडं अजून लांब दिवसांचा उन्हाळाच समजून चालली होती, वाढत होती, वाढतच होती. देविका एकटीच मोठ्यानं हसली. असा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"काय गं, हसायलीस?" बसम्मा बांधावरून म्हणाली. देविका सांगणारच होती. शब्द जिभेवर होते. पण तेवढ्यात म्हातारी पिकाकडे बघत शांतपणे म्हणाली, "फूल न्हाई धरलं ते बघितलीस न्हवं? मला ठाव हाय. मी रोज बघते. उशिराचं वांझच ऱ्हातंय. मालक खरं बोलले होते. घात गेली की सगळं गेलं." तिचा चेहरा त्या उजेडात स्वच्छ दिसत होता. वर्षभर आवळून धरलेली मूठ सुटावी तसा तो सैल झाला होता. "त्या दिवशी पेरलो न्हसतो तर असंच झालं असतं. न्हाई का?" भाकरी करपते आहे असं म्हणून बसम्मा घराकडे वळली, आणि देविकाला त्या करपणाऱ्या भाकरीचे उपकार वाटले.

मग सुरू झालं ते फार वाईट होतं. आपल्या खोलीत, पडद्यावर चादर, चादरीवर दुसरी चादर, आणि डोक्यात हा हिशेब. दिव्याजवळचा भाग वगळायला सरांनीच सांगितलं आहे, तेव्हा संशोधनाला काही बाध येत नाही. सांगायची गरजच काय? म्हातारीला समाधान मिळालंय, मिळू दे. पण मृगाचे आणि आर्द्राचे तुकडे ती पुन्हा पुन्हा मोजून यायची. दोन्हींत शेंगा सारख्याच लगडल्या होत्या. पुनर्वसूचा जरा उणा, पुष्याचा तर दिव्यापासून लांब, अंधारात असलेला भागसुद्धा निम्म्यावर. उशिराचा फटका होता, खोटा नव्हता. पण तो फटका महिन्याचा होता. आठ दिवसांचा नव्हता. बसम्मानं विचारलं होतं ते आठ दिवसांचं. एका संध्याकाळी माधवरावांचा रोजचा फोन आला. नांदेडला पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, हे सगळं झालं, आणि देविकानं एकदम विचारलं, "बाबा, आईचं मला तेव्हाच का नाही कळवलं?" "तुला त्रास नको म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आलो," माधवराव म्हणाले. "खरं म्हणजे तुला सांगायचं माझ्याच्यानं होत नव्हतं. तुझा पेपर मी माझ्यासाठी वापरला गं." ती रडली. फोन कानाला तसाच धरून, एवढ्या वर्षांचं रडली, आणि म्हातारा पलीकडे नुसता ऐकत राहिला.

नवरात्र उलटल्यावर पहिले दोन तुकडे काढून झाले. मळणी करून दोन्हींच्या थैल्या खळ्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या, वजनं झाली. महांतेश ताडपत्री झटकत होता. बसम्मा आली आणि थैल्यांपाशी बसली. कपाळावर भस्म ताजं होतं, लुगडं धुतलेलं. देवाला आल्यासारखी आली होती. "सांग," ती म्हणाली. देविकानं घरून वाक्य तयार करून आणलं होतं, त्यात सरासरी होती, हवामान होतं, एका हंगामावरून काही म्हणता येत नाही असंही होतं. तिनं सुरुवात केली तशी बसम्मानं हात वर केला. "ते राहू दे. मला कळंल असं सांग." देविकानं वही मिटली. "अव्वा, दोन्हींत सारखंच आलं," ती म्हणाली. "आठ दिवसांनी फरक म्हणावा असा फरक पडला नाही." बसम्मानं चौथ्या तुकड्याकडे बोट केलं. समाधीभोवती ते अजून हिरवंच उभं होतं. "आन् ते?" देविकानं तेही सांगितलं. उशिरामुळं नाही, दिव्यामुळं. त्याला रात्र मिळाली नाही म्हणून ते फुललं नाही. समाधीच्या सावलीतल्या झाडांना शेंगा आहेत, चला दाखवते. बसम्मा उठली नाही. महांतेशच्या हातातली ताडपत्री तशीच राहिली. "ताई, कशाला..." एवढंच तो म्हणाला.

मग बसम्मानं पदर खोचला आणि मृगाची थैली दोन्ही हातांनी उचलली. छातीशी धरली, खाली ठेवली. आर्द्राची उचलली. ठेवली. पुन्हा पहिली उचलली. देविका पुढं झाली तर तिला कोपरानं ढकललं. तिसऱ्यांदा दुसरी थैली उचलून ती तशीच उभी राहिली, पोर कडेवर घेतल्यासारखी, आणि म्हणाली, "सारखंच हाय की गं." आणि तिला रडू फुटलं. गुंडप्पा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती, असं महांतेश नंतर म्हणाला. ती थैलीवर डोकं ठेवून, तोंड उघडून, लाज न धरता रडत होती, आणि मधेच म्हणत होती, गेलो असतो की वो लातूरला, गेलो असतो की. देविकाला वाटलं, हे आपण काय करून बसलो! ती म्हातारीशेजारी मातीत बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बसम्मानं झटकला नाही, एवढाच काय तो आधार होता.

बऱ्याच वेळानं बसम्मानं पदरानं नाक पुसलं. आवाज बसला होता. "हे तू बुकात लिहिणार न्हवं?" देविका हो म्हणाली. "बुक कोण वाचतंय आमच्यात? मृगात ये. लोकं तिफण बाहेर काढतात, तवा ये. महादेवाच्या देवळाम्होरं सगळे बसलेले असतात, माणिकप्पा, सगळे. तिथं सांगायचं. कुणाच्या छातीत दुखलं, कुणाची लेक बाळंतपणाला अडली, तर बैल सोडा आन् दवाखान्यात जा. आठ दिवसानं काय बी बिघडत न्हाई." देविकाच्या मनात सगळं ओळीनं उभं राहिलं: एकच हंगाम, एकच रान, पुढच्या साली पाऊस कसा असेल कोण जाणे, सर म्हणतील तीन वर्षं केल्याशिवाय असं बोलायचं नाही. तिनं ते सगळं गिळलं. "येते अव्वा. मी सांगते त्यांना," ती म्हणाली.

"तू नको," बसम्मा म्हणाली. "तुला ते हसत्याल, चहा पाजत्याल आन् लावून देत्याल. मी बोलते. तू नुसती माझ्या बाजूला उभी ऱ्हा."